उद्यमबागेतल्या पेटीचं प्रकरण: कर्नल कुणाचा, बूटलोडर कोणता

बेळगावच्या उद्यमबागेत ओतीव कामाचे कारखाने दाटीवाटीने आहेत, आणि त्यांना लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू पुरवणारी शेडंही त्याच गल्ल्यांत आहेत. त्यातल्या एका शेडमध्ये ही पेटी बनते. काम साधं. इंडक्शन भट्टीशेजारच्या तापमानदर्शकाकडून आणि वीजमीटरकडून आरएस-४८५ च्या तारांवर मॉडबस या यंत्रांच्या भाषेत आकडे घ्यायचे, ते हीट नंबरला, म्हणजे भट्टीच्या एकेका घाण्याच्या क्रमांकाला, जोडून साठवायचे आणि इथरनेटवरून ऑफिसातल्या संगणकाला द्यायचे. कास्टिंगमध्ये वर्षभराने खोट निघाली, तर त्या हीटला मेटल किती तापलं होतं हे गिऱ्हाइकाला दाखवता यावं, एवढ्यासाठी फाउंड्रीवाले ती घेतात. आतला बोर्ड तयार विकत घेतलेला. त्यावर एनएक्सपीची आय-एमएक्स-६-यूएलएल चिप, म्हणजे कॉर्टेक्स-ए७ चा एकच गाभा, आणि सोबत ५१२ एमबी रॅम व ईएमएमसी, म्हणजे लाइट गेली तरी टिकणारी साठवण. मालकांना सगळी गल्ली मामा म्हणते. सॉफ्टवेअर त्यांचा सख्खा भाचा बघतो, व्हीटीयू विद्यापीठाच्या एका कॉलेजातून ई अँड सी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअरिंग, केलेला.

मला बोलावलं ते "कर्नल हँग होतो" या तक्रारीवर. कर्नल म्हणजे पेटीतल्या लिनक्सचा मूळ भाग, आणि त्याला सुरू करून देतो तो बूटलोडर.

तक्रार कर्नलची, दोष आधीचा

रात्री गेलेली लाइट सकाळी आलेली असायची, बाकी सगळी यंत्रं चालू, आणि पेटीकडून मात्र ऑफिसात एकही आकडा नाही. एका फाउंड्रीत भट्टीवरचा ऑपरेटर गोकाककडचा. तो फोनवर सांगायचा, "लाइट हत्तैति, डाटा बरवल्दु." दिवा लागलाय, पण डाटा येईना. स्विच बंद करून चालू केला की बहुतेक वेळा पेटी मुकाट सुरू व्हायची. शेडमधल्या टेबलावर तर ती कधीच अडकली नव्हती, त्यामुळे भाच्याला दोष हाती लागत नव्हता.

लॅपटॉप घेऊन भट्टीपाशीच बसलो. सिरियल कन्सोल, म्हणजे पेटी सुरू होताना काय करतेय ते दाखवणारी जोडणी, लावताना पेटीची फक्त बोलायची तार आणि अर्थिंग जोडलं, ऐकायची तार मोकळी सोडली. दोन्ही तारा जोडल्या की तक्रार गायब व्हायची, आणि खरं तर उत्तर तिथेच होतं. भट्टी चालू असताना पेटीची लाइट पाडून परत दिली. पडद्यावर यू-बूट या बूटलोडरच्या २०१६.०३ आवृत्तीची ओळ आली, मग "हिट एनी की टू स्टॉप ऑटोबूट" आणि पुढे ३ चा आकडा. तो आकडा २ वर गेलाच नाही. खाली यू-बूटचा प्रॉम्प्ट आला आणि त्याच्यापुढे दोन-तीन कचरा अक्षरं. कुणीही कळ दाबलेली नव्हती. बोर्डवर कन्सोलच्या ऐकायच्या पिनेला पुल-अप रोध, म्हणजे तार मोकळी असताना पिन एका पातळीवर धरून ठेवणारा रोध, नव्हताच. पिन अधांतरी होती, आणि इंडक्शन भट्टीचा गोंगाट तिला कळ दाबल्यासारखा ऐकू येत होता. कर्नल हँग व्हायचा प्रश्नच नव्हता, कारण तो सुरूच झालेला नव्हता.

"पण सर, वॉचडॉग होता की," भाचा म्हणाला. होता. वॉचडॉग म्हणजे ठरल्या वेळात कुणी थोपटलं नाही तर पेटी रिसेट करणारं घड्याळ. मात्र यू-बूट प्रॉम्प्टवर कळेची वाट बघत बसतो तेव्हा त्याच फेऱ्यात वॉचडॉगलाही थोपटत राहतो. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं, कुणीतरी माणूस समोर बसून टाइप करतोय. अशा वेळी वॉचडॉग जन्मात पेटी रिसेट करणार नाही.

मच्छेच्या बाजूच्या दुसऱ्या फाउंड्रीतल्या पेटीचं दुखणं वेगळं निघालं. तिथे कर्नल सुरू व्हायचा, लॉगिनही यायचं, पण इथरनेट आणि आरएस-४८५ दोन्ही मेलेली. लॉगमध्ये वरच "बॅड सीआरसी, युजिंग डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट" असा इशारा होता. यू-बूट आपले चल, म्हणजे सेटिंग्ज, ईएमएमसीवर एका ठराविक जागी ठेवतो. बोर्ड विकणाऱ्याने दिलेल्या स्क्रिप्टमध्ये दर वेळी सुरू होताना एक मोजणी वाढवून हे चल पुन्हा लिहिले जात, आणि प्रत एकच होती. आता आपल्याकडे लाइट कशी येते हे इथल्या माणसाला सांगायला नको. येते, दोन-तीन सेकंदांत जाते, परत येते, मग टिकते. लिहिण्याचा तो क्षण नेमका या झटक्यांच्या मधोमध यायचा. प्रत बिघडली की यू-बूट स्वतःत बांधलेल्या मूळ चलांवर जाई, आणि त्यांत डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या नकाशाच्या, फाइलचं नाव होतं चिप बनवणाऱ्याच्या नमुना बोर्डाचं. ती फाइलही पेटीत तशीच राहून गेलेली. मग पेटी दुसऱ्याच बोर्डाचा नकाशा हातात घेऊन सुरू होई.

मामांचं म्हणणं

दोन्ही दोष बूटलोडरचे होते. मामांचं म्हणणं सरळ होतं, "मग तेवढंच दुरुस्त करा की साहेब. कर्नल चाललाय न्हवं, त्याला कशाला हात लावायचा?"

या म्हणण्यात दम होता आणि मी ते झटकून टाकलं नाही. पेट्यांतला कर्नल होता ४.१.१५. लिनक्स ४.१ आला जून २०१५ मध्ये आणि त्याची दीर्घकालीन देखभाल मे २०१८ मध्ये थांबली. भट्टीच्या आकड्यांना त्याने काही फरक पडत नव्हता, आणि फाउंड्रीचं नेटवर्क इंटरनेटला जोडलेलंही नसतं. पण एका फाउंड्रीला तिच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून प्रश्नावली आली होती: नेटवर्कवर काय काय जोडलंय, कुठली आवृत्ती, देखभाल कधीपर्यंत. अशी प्रश्नावली आज एकाकडे आली की उद्या गल्लीत सगळ्यांकडे येते.

मला स्वतःला जास्त वजनदार वाटलं ते दुसरं कारण. ही ३२-बिट चिप आहे. जुन्या ३२-बिट लिनक्समध्ये वेळ सेकंदांत मोजणारा आकडा १९ जानेवारी २०३८ ला ओसंडतो आणि तारीख उलटी १९०१ वर जाते. ३२-बिट यंत्रांसाठी कर्नलमधलं ६४-बिट वेळेचं काम २०२० च्या ५.६ मध्ये पूर्णत्वाला गेलं. ४.१ वर ते बसवणं म्हणजे अर्धा कर्नल नव्याने लिहिणं. मामांच्या शेडमध्ये एचएमटीचं लेथ आहे, भाच्याच्या जन्माआधीचं, आणि ते आजही रोज चालतं. या गल्लीत यंत्र मोडल्याशिवाय बदलत नाहीत. आज विकलेली पेटी २०३८ मध्ये कुठल्यातरी भट्टीशेजारी असणार हे मी गृहीतच धरतो. तेव्हा हीटच्या नोंदीवर १९०१ साल पडलं तर पेटी घ्यायचं मूळ कारणच गेलं.

मामा म्हणाले, "तवर मी रिटायर." भाचा काही बोलला नाही. कर्नल बदलायचं तिथेच ठरलं.

कर्नल कुठून आणायचा

बोर्डाबरोबर आलेली फाइल म्हणजे एक दाबलेला गठ्ठा होता. आत गिटचा, म्हणजे कुठला बदल केव्हा झाला याचा, इतिहास नाही, कुठल्या आवृत्तीवरून निघाला याची चिठ्ठी नाही. अशा गठ्ठ्याशी करायचं पहिलं काम म्हणजे त्याचा बाप शोधणं. एनएक्सपीच्या सार्वजनिक झाडातल्या, म्हणजे सोर्सच्या साठ्यातल्या, ४.१.१५ च्या टॅगांशी तो एकेक करून ताडून पाहिला आणि ज्याच्याशी सर्वांत कमी फरक निघाला तो मूळ धरला. उरलेला फरक वाचायला एक दुपार पुरली. सुरू होतानाचं चित्र, स्पर्शपडद्याच्या एका चिपचा ड्रायव्हर, एक डिफकॉन्फिग (कर्नल बांधायच्या पर्यायांची यादी), बोर्डाचा डिव्हाइस ट्री, आणि सिरियल ड्रायव्हरच्या पोटात आरएस-४८५ ची दिशा, म्हणजे बोलायचं की ऐकायचं, बदलण्यासाठी थेट जीपीआयओ पिनेचा नंबर लिहून केलेली जोडणी. बस. ज्या "खास कर्नल"साठी आपण अडकून पडलोय असं भाच्याला वाटत होतं, त्यातलं खास एवढंच होतं. हा फरक एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठला कर्नल घ्यायचा ही चर्चा करू नये. निम्मी भीती तिथेच जाते.

मग समोर रस्ते उरले तीन. विक्रेत्याचा गठ्ठा बाद झाला. दुसरा एनएक्सपीचं स्वतःचं, पुढे सरकलेलं झाड. ते काही वाईट नाही. पण त्यात मुख्य कर्नलपेक्षा, म्हणजे कर्नल डॉट ऑर्गवरच्या सगळ्यांच्या सामाईक कर्नलपेक्षा, जे जास्त असतं ते बहुतेक व्हिडिओ, ग्राफिक्स आणि नव्या मोठ्या चिपांसाठी. यूएलएलमध्ये मुळात ग्राफिक्सचा गाभाही नाही आणि व्हिडिओचाही नाही. आपल्या पेटीला लागतं सिरियल, इथरनेट, ईएमएमसी, यूएसबी आणि आयटूसीवरचं घड्याळ. हे सगळं मुख्य कर्नलमध्ये केव्हापासून आहे आणि जगभर वापरात आहे. जे वापरायचंच नाही, त्याच्यासाठी आणखी एका कंपनीच्या वेळापत्रकाला बांधून घेण्यात मला अर्थ दिसला नाही. पडदा-कॅमेऱ्याचं यंत्र असतं तर मी उलटा सल्ला दिला असता.

तिसरा रस्ता कर्नल डॉट ऑर्गवरची दीर्घकालीन शाखा. घेतली ६.१. डिसेंबर २०२२ मध्ये आलेली ही शाखा डिसेंबर २०२७ पर्यंत सांभाळली जाणार आहे. शिवाय सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म, म्हणजे सीआयपी, हा लिनक्स फाउंडेशनखालचा २०१६ पासूनचा प्रकल्प हीच शाखा पुढे २०३३ पर्यंत चालवणार आहे. तो प्रकल्पच कारखाने, वीज, रेल्वे अशा ठिकाणच्या दीर्घायुषी यंत्रांसाठी आहे. भाच्याचा जीव ६.१२ वर होता, "सर, त्यात रिअल-टाइम आलंय." आलंय खरं, म्हणजे ठरल्या क्षणी काम होण्याची हमी, पण त्या आवृत्तीत ते एक्स८६, आर्म-६४ आणि रिस्क-फाइव्हसाठी उघडलं, ३२-बिट आर्मसाठी नाही. आणि सेकंदाला एकदा तापमान वाचणाऱ्या पेटीला रिअल-टाइम हवंय कशाला?

डेबियन ही तयार लिनक्स टाकून मोकळं होऊ, असाही एक विचार निघाला. चालत्या फाइल सिस्टमवर पॅकेजं चढवायची आणि मधेच लाइट जायची, हे चित्र डोळ्यांपुढे आल्यावर तो तिथेच सोडला. बिल्डरूट या साधनाने पूर्ण इमेज, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर एकत्र, बांधायची आणि ती वाचण्यापुरतीच ठेवायची असं ठरलं.

बूटलोडर

इथे मात्र मी जास्त वेळ घेतला. कर्नल चुकला तर पेनड्राइव्हने दुसरा चढवता येतो. बूटलोडर चुकला तर कुणीतरी निपाणीला किंवा कोल्हापूरला जाऊन, भट्टीशेजारी उभं राहून पेटी उघडायची. म्हणून दोघांकडून अपेक्षाही उलट्या ठेवल्या: कर्नल असा हवा की केव्हाही बदलता यावा, आणि बूटलोडर असा की एकदा पेटी बंद केल्यावर त्याला परत हात लावायची वेळ येऊ नये.

बेअरबॉक्स आणि यू-बूट, दोन्ही बूटलोडर पाहिले. बेअरबॉक्स मला आवडतो. त्याची ड्रायव्हरांची मांडणी कर्नलसारखी आहे, आणि कुठल्या कप्प्यातून सुरू व्हायचं हे ठरवणारी यंत्रणा त्यात नीट विचार करून बांधलेली आहे. तरी यू-बूट घेतला, आणि त्याला तांत्रिक कारण एकच होतं. या चिपवर डीडीआर रॅम जागी करण्याचे आकडे एका तक्त्यात असतात. चिपच्या आतला रॉम तो तक्ता वाचतो, रॅम चालू करतो आणि मग बूटलोडर रॅममध्ये आणतो. ते आकडे त्या बोर्डावरच्या तारांच्या लांबीला आणि रॅमच्या चिपेला जुळवून मोजलेले असतात. विक्रेत्याच्या गठ्ठ्यातून डोळे झाकून उचलावं असं काही असेल तर तेवढंच. ते यू-बूटच्या साच्यात होते, नव्या यू-बूटमध्ये जसेच्या तसे बसले.

दुसरं कारण माणसांचं. भाचा आज इथे आहे. उद्या पुण्या-बेंगळूरची नोकरी आली तर जाईल, आणि जावंही. त्याच्या जागी येणाऱ्या पोराने कुठल्यातरी बोर्डावर यू-बूटचा प्रॉम्प्ट पाहिलेला असण्याची शक्यता बेअरबॉक्सपेक्षा कितीतरी जास्त.

मग जुने दोन दोष मुळापासून काढायचे होते. कन्सोलच्या पिनेला पुल-अप रोध पेटीच्या स्वतःच्या पट्टीवर बसवला, तो मामांनीच, चहा यायच्या आत. पण नुसत्या रोधावर भरवसा ठेवायचा नाही. यू-बूटमध्ये थांबण्याची उलटी मोजणी उणे २ ठेवली तर तो कळ बघतच नाही. यात पुष्कळ जण उणे १ लिहून फसतात, कारण उणे १ म्हणजे आपोआप सुरूच होऊ नको. उणे २ सुरक्षित, पण मग सर्व्हिसला गेलेल्या पोरालाही आत शिरता येत नाही. म्हणून ठराविक शब्द टाइप केल्याशिवाय थांबू नये असा पर्याय घेतला. भट्टीचा गोंगाट काहीही बडबडला तरी तेवढा शब्द अचूक म्हणणार नाही. आणि एवढं करूनही प्रॉम्प्टवर अडकलाच, तर काही वेळाने स्वतःहून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय यू-बूटमध्ये आहे, ती चालू केली. हे सगळं बांधतानाच पक्कं केलं. चलांत ठेवलं असतं तर चल बिघडल्यावर तेही गेलं असतं.

चलांच्या प्रती दोन केल्या, आणि दोन्ही ईएमएमसीच्या एकाच पुसल्या जाणाऱ्या ब्लॉकात पडणार नाहीत एवढ्या अंतरावर. बांधलेल्या मूळ चलांत आपल्याच बोर्डाची डिव्हाइस ट्री, म्हणजे दोन्ही प्रती गेल्या तरी पेटी आपल्याच नकाशावर उठते. नमुना बोर्डाची फाइल इमेजमधून काढूनच टाकली.

अपडेट यंत्रणेची निवडही शेवटी लाइटनेच केली. इमेजचे दोन कप्पे, एक चालू, एक राखीव. त्यावर रॉक आणि एसडब्ल्यूअपडेट हे दोन नावाजलेले पर्याय. यू-बूटबरोबर रॉकची जी नेहमीची स्क्रिप्ट असते, ती प्रत्येक सुरुवातीला उरलेले प्रयत्न एकाने कमी करून चल लिहिते. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी त्याचा त्रास होणार नाही. आपल्याला तर नेमकं तेच टाळायचं होतं. म्हणून एसडब्ल्यूअपडेट आणि यू-बूटची स्वतःची बूट-मोजणी अशी जोडी घेतली. ती मोजणी चलांत ठेवली, तरी नवी इमेज चढवल्याची खूण असेल तेव्हाच लिहिली जाते. नव्या इमेजचा आपला प्रोग्रॅम नीट उठला आणि तापमानदर्शकाकडून पहिलं उत्तर आलं की खूण उतरते. ठरलेल्या प्रयत्नांत ते झालं नाही तर यू-बूट जुन्या कप्प्यावर परततो. एरवी वर्षभर लाइट कितीही वेळा नाचली तरी बूटलोडर एक बाइटही लिहीत नाही.

वॉचडॉगचं एक राहिलं. तो यू-बूटपासूनच चालू केला. या चिपचा वॉचडॉग एकदा सुरू झाला की बंद करता येत नाही, आणि त्याची कमाल मुदत १२८ सेकंद. पण आपला प्रोग्रॅम उठेपर्यंत कर्नलच त्याला थोपटत राहतो. प्रोग्रॅम उठलाच नाही तर कर्नल अनंतकाळ थोपटेल. त्यासाठी आपल्या प्रोग्रॅमने वॉचडॉग ताब्यात घ्यायची मुदत, कर्नलला सुरू होताना दिल्या जाणाऱ्या ओळीत घालावी लागते. ती नसेल तर दोन कप्प्यांची सगळी व्यवस्था कागदावरच राहते, आणि पुष्कळ ठिकाणी मी ती नसलेली पाहिलीय.

चढवताना

डिव्हाइस ट्री नव्याने लिहिली. विक्रेत्याची ४.१ ची फाइल ६.१ ला चालत नाही, आणि ओढूनताणून चालवूही नये. सगळ्यात अडलं ते आरएस-४८५. कर्नल उठला, पोर्ट दिसला, मॉडबसला उत्तर नाही. भाचा तारा बदलत बसला होता. बूट लॉगमध्ये मात्र एक ओळ स्वच्छ होती: "नो आरटीएस कंट्रोल, डिसेबलिंग आरएस-४८५". डिव्हाइस ट्रीमध्ये आरएस-४८५ सुरुवातीपासून चालू असं लिहिलं होतं, पण दिशा बदलायची पिन कोणती हे लिहिलं नव्हतं. ड्रायव्हरने ते पाहून सुविधा बंद केली आणि तसं सांगितलंही. आरटीएसची जीपीआयओ पिन एका ओळीत दिली आणि मीटर बोलू लागला. जुन्या गठ्ठ्यात ड्रायव्हर फाडून केलेलं काम इथे त्या एका ओळीवर भागलं.

ईएमएमसीचं नाव जुन्या-नव्या कर्नलांत बदलू शकतं, म्हणून रूट फाइल सिस्टम विभाजनाच्या ओळख क्रमांकावरून शोधायला लावली. कर्नल आणि डिव्हाइस ट्री एकाच फिट इमेजमध्ये, म्हणजे एकाच फाइलीत, शा-२५६ च्या तपासणीसह बांधली, त्यामुळे एकाच्या जोडीला दुसऱ्या बोर्डाची फाइल जाण्याचा प्रश्न मिटला. परवान्याचंही सांगून ठेवतो: कर्नल आणि यू-बूट दोन्ही जीपीएल या मुक्त परवान्याचे आहेत, पेटी घेणाऱ्याने सोर्स मागितला तर तो द्यावा लागतो. आता तो देता येईल अशा स्थितीत तरी आहे.

शेवटी लाइट पाडायची चाचणी. आधी भाच्याने रिले लावून ठराविक अंतराने लाइट तोडली. सगळ्या पेट्या पास. ठराविक अंतर म्हणजे पेटी रोज त्याच टप्प्यावर मरणार, त्याने काही कळत नाही. मग अंतर यादृच्छिक केलं आणि तोडल्यावर एक-दोन सेकंदांचे झटके घातले, आपल्याकडे येतात तसे. तेव्हा एक पेटी अडली, आणि दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. पॉवर सप्लायचा कॅपॅसिटर हळूहळू उतरताना चिप अर्धवट व्होल्टेजवर लोंबकळत होती. रिसेट धरून ठेवणारी सुपरवायझर चिप बसवल्यावर ते थांबलं. हा धडा बूटलोडरच्या कुठल्याच कागदात नसतो.

आजची स्थिती

नव्या पेट्या ६.१ वर जातात. जुन्यांचा बूटलोडर जागेवर बदलायचा नाही असं मी मामांना स्पष्ट सांगितलंय. त्यांच्या ईएमएमसीवर बूटलोडर एकाच जागी आहे आणि लिहिताना लाइट गेली तर पेटी गेली. नव्या पेट्यांत तो ईएमएमसीच्या वेगळ्या बूट विभागात आहे, दुसऱ्या बूट विभागात त्याची प्रत आहे, आणि लिनक्स ते दोन्ही विभाग आपणहून लिहू देत नाही. जुन्या पेट्या सर्व्हिसला शेडमध्ये आल्या की तिथेच बदलायच्या. तोवर त्या फाउंड्रींना पुल-अपचा रोध बसवून दिलाय, मोठी तक्रार तेवढ्यानेच गेली.

डिसेंबर २०२७ च्या आधी एक ठरवायचं आहे: सीआयपीच्या ६.१ वर सरकायचं की पुढची शाखा घ्यायची. माझं मत सीआयपीकडे आहे, कारण पेटीला नवीन काही नको आहे. भाच्याचं मत उलटं आहे. दर दोन-तीन वर्षांनी कर्नल बदलायची सवय राहिली तर काम सोपं राहतं, एकदम दहा वर्षांनी बदलायला गेलो तर पुन्हा ४.१ सारखी गत होईल, असं तो म्हणतो. त्याचं खोडून काढता येईल असं उत्तर माझ्याकडे अजून नाही, आणि मामांनी दोघांनाही सांगितलंय की खर्च लिहून आणा, मग बघू.